गान्सबाईचा पिंजरा आणि आपली सहल-पत्रके : सीमाभागातील सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडी भागातील सर्व सहल आयोजक

विषय : दक्षिण आफ्रिकेच्या सहलीतील ‘शार्क केज डायव्हिंग’ची, म्हणजे पिंजऱ्यात उतरून शार्क पाहण्याची जाहिरात

सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की रामदेव गल्लीपासून टिळकवाडीपर्यंत दुकानांच्या काचांवर दिवाळीच्या सहलींची पत्रके चिकटू लागतात. पूर्वी त्यांवर काश्मीर, केरळ आणि फार तर सिंगापूर असे. आता दक्षिण आफ्रिकाही असते, आणि त्या पत्रकावर जबडा वासून पाण्याबाहेर झेपावलेला पांढरा शार्क असतो. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘नरभक्षक शार्कला समोरासमोर भेटा, खात्रीशीर दर्शन.’ असेच एक पत्रक वाचून माझे यजमान आणि मी २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत केपटाऊनला गेलो. ते पत्रक कोणाचे होते हे मी येथे लिहिणार नाही, कारण परत आल्यावर मी आणखी चार-पाच आयोजकांची पत्रके गोळा करून वाचली, आणि चित्र व मजकूर सगळीकडे जवळजवळ तोच आढळला. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना लिहीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. ज्या प्राण्याच्या नावावर आपण ही सहल विकता, तो प्राणी त्या किनाऱ्यावर आता क्वचितच दिसतो. तो का दिसेनासा झाला यावर तिथे उघडपणे लिहिले-बोलले जाते, आणि ही सगळी हकिकत गिऱ्हाइकाने पैसे भरण्याआधी त्याच्या कानांवर घालणे आपले कर्तव्य आहे.

मी बेळगावातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत एकतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले. यजमानांचा उद्यमबागेत फॅब्रिकेशनचा लहानसा कारखाना होता, तो आता मुलगा पाहतो. आम्ही दोघेही मलप्रभेच्या काठच्या खेड्यांत वाढलो. यजमान पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मला अजूनही पोहता येत नाही. शार्कची आणि माझी ओळख मात्र जुनी आहे. आमच्या वेळी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाला स्कॉलिओडॉनचे, म्हणजे आपल्या बाजारात मुशी म्हणून मिळते त्या लहान शार्कचे, विच्छेदन करावे लागे. फॉर्मेलिनच्या वासाने डोळे चुरचुरत असत. पोट उघडले की सर्वांत आधी दिसे ते यकृत : पिवळसर, तेलकट, दोन लांब पाळ्यांचे, जवळजवळ सगळे पोट व्यापून राहिलेले. मुस्कटाच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रांची नक्षी असे. त्यांतल्या एका छिद्राखालची जेलीने भरलेली नळी अलगद काढून काचपट्टीवर ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायची, यावर प्रात्यक्षिक परीक्षेत हमखास गुण असत. लॉरेन्झिनी या इटालियन शास्त्रज्ञाने १६७८ साली वर्णन केलेल्या या नळ्यांनी शार्कला दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंतून निघणारी अत्यंत क्षीण वीज जाणवते. मी हे तीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवले, पण जिवंत शार्क कधी पाहिला नव्हता. आपल्या पत्रकावरच्या त्या चित्राकडे मी ओढली गेले ती यामुळे.

आता तिथे काय घडले ते सांगते.

गान्सबाई हे मासेमारीचे गाव केपटाऊनहून मोटारीने दोन-अडीच तासांवर आहे. त्याच्या शेजारच्या क्लेनबाई बंदरातून शार्क दाखवणाऱ्या नावा सुटतात. समोर समुद्रात डायर नावाचे बेट आहे आणि त्याला लागून गायझर रॉक हा खडक आहे. त्या खडकावर हजारो सील राहतात, आणि सीलांसाठी पांढरे शार्क तिथे येत. बेट आणि खडक यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्याला म्हणूनच ‘शार्क अ‍ॅली’ हे नाव पडले. १९९१ मध्ये या पांढऱ्या शार्कला (इंग्रजीत ग्रेट व्हाइट शार्क) कायद्याने संरक्षण देणारा दक्षिण आफ्रिका हा जगातला पहिला देश ठरला. पुढच्या वर्षांत याच गावात पिंजऱ्यातून शार्क दाखवण्याचा व्यवसाय वाढला आणि गावाची ओळखच त्यावर उभी राहिली.

नावेवर चढण्यापूर्वी आम्हाला एका खोलीत बसवून माहिती दिली गेली. ती इंग्रजीत होती. ती सांगणाऱ्या तरुणीने अगदी सुरुवातीलाच स्पष्ट केले की अलीकडे येथे पांढरे शार्क फारसे दिसत नाहीत, आज बहुधा ब्रॉन्झ व्हेलर जातीचे शार्क दिसतील, आणि तेही पाहण्यासारखे आहेत. आमच्या सव्वीस जणांच्या गटातील निम्म्याहून अधिक लोकांना तिचे उच्चार कळले नाहीत. आमच्या सहलीबरोबर आलेल्या मार्गदर्शकाने त्याचे मराठीत भाषांतर करायला हवे होते, पण त्याने ते केले नाही. तो माझाच जुना विद्यार्थी होता. नंतर मी त्याला विचारले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “बाई, पत्रकात खात्रीशीर लिहिलंय. मी इथं उलटं कसं सांगू?” त्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातात छापील शब्द देऊन आपण त्याचे तोंड बंद केले होते.

नाव किनाऱ्यापासून फार दूर नेली नाही. नांगर टाकल्यावर एक खलाशी माशांचा चुरा आणि माशांचे तेल मिसळलेले पाणी डब्याने समुद्रात ओतत राहिला. त्याचा तवंग वाऱ्याबरोबर लांबवर पसरत गेला. दुसऱ्याने दोरीला बांधलेले टूना माशाचे डोके पाण्यात सोडले. पिंजरा नावेच्या कुशीला दोरांनी घट्ट बांधलेला होता आणि त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर होता. आपल्या पत्रकांतील चित्रांवरून लोकांना वाटते की पिंजरा खोल समुद्रात सोडतात आणि पाठीवर हवेचे नळकांडे लागते. तसे काही नाही. आत उभे राहायचे, डोके पाण्याबाहेर ठेवायचे, आणि खलाशाने ‘डाउन’ असे ओरडले की श्वास रोखून आतल्या आडव्या नळीला धरून खाली बसायचे. त्या दिवशी पाणी चौदा अंश होते. रबरी पोशाख असूनही पहिल्या बुडीला छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना हे घरी, निवांतपणे, आधी सांगितले गेले पाहिजे. आमच्यातल्या सत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना ते नावेवर, पोशाख चढवल्यानंतर कळले.

यजमानांनी पाण्यात उतरण्यापूर्वी पिंजऱ्याचा एकेक सांधा हात फिरवून पाहिला. त्यांचा आयुष्यभराचा धंदाच तो. वेल्डिंग चांगले होते, जस्ताचा थर अखंड होता, दोन ठिकाणी नवी पट्टी मारलेली होती. त्यांना एक शंका आली : लोखंड आणि जस्त खाऱ्या पाण्यात राहिले की अगदी थोडी का होईना वीज निर्माण होणारच, मग ती शार्कला जाणवणार नाही का? खलाशाने हसून मान डोलावली. शार्क कधी कधी पिंजऱ्याच्या गजांना किंवा नावेच्या पंख्याला तोंड लावून पाहतात त्याचे हेही एक कारण आहे. पत्रकातल्या चित्रात जबडा गजांवर आपटताना दिसतो आणि आपल्याला तो माणसावरचा हल्ला वाटतो. त्यात बरेचदा समोरची वस्तू काय आहे ते तपासणे असते. हात नसलेला प्राणी तोंडानेच चाचपून पाहणार.

तासाभराने पहिला शार्क आला. मी पिंजऱ्यात होते. पाणी गढूळ, हिरवट, पाच-सहा हातांपलीकडचे काही दिसत नव्हते. त्या हिरव्यातून एक फिकट रेघ निघाली, रुंद झाली आणि एकाएकी ती डोळ्यांसमोरून जाणारी जिवंत कूस झाली. जुन्या तांब्याच्या घंगाळाला चढतो तसा तिचा रंग होता. लांबी आठ-नऊ फूट असावी. तो वळला तेव्हा त्याच्या मुस्कटाची खालची बाजू माझ्यापासून हातभर अंतरावर आली आणि तिच्यावर मला ती छिद्रे दिसली. काचपट्टीवर शेकडो वेळा पाहिलेली तीच नक्षी, पण जिवंत, माझ्या छातीच्या ठोक्याची वीजही कदाचित टिपणारी. श्वास संपला म्हणून मी वर आले आणि काही वेळ मला बोलताच आले नाही. तो ब्रॉन्झ व्हेलर होता. एकूण पाच दिसले, पांढरा शार्क एकही नाही.

आणि वर नावेवर भांडण चालू होते. आमच्या गटातले काहीजण ‘हा छोटा शार्क आहे, खरा दाखवा’ म्हणून खलाशांवर ओरडत होते. कोणी तरी जास्त आमिष टाकायला सांगत होते, एकाने तर ते टूनाचे डोके सरळ शार्कला खाऊ द्या म्हणजे तो थांबेल असे सुचवले. खलाशाने ठाम नकार दिला. आमिषाने शार्कला जवळ आणायचे, पण ते त्याच्या तोंडी पडू द्यायचे नाही, असा तिथल्या परवान्याचा दंडक आहे. त्याला तो दंडक मोडायला लावणारी माणसे आपल्या गावची होती, याची मला आजही लाज वाटते. ती वाईट माणसे नव्हती. वर्षानुवर्षे साठवलेले पैसे भरून, ‘खात्रीशीर’ हा शब्द वाचून ती आली होती.

आमिषाच्या बाबतीतला हा हट्ट किती महागात पडू शकतो हे मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर दिसले. २०१६ मध्ये तिथे एक पांढरा शार्क ओढलेल्या आमिषामागे झेपावला आणि पिंजऱ्याचे गज वाकवून आत शिरला. शार्कला मागे पोहता येत नाही, त्यामुळे तो आत अडकून धडपडत राहिला. सुदैवाने तो वरच्या बाजूने सुटला आणि आतला माणूसही वाचला. त्याची चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी भीतीने एकमेकांना पाठवली असेल. २०२३ च्या जानेवारीत मेक्सिकोने त्या बेटावरचे पांढऱ्या शार्कचे पर्यटनच कायमचे बंद केले.

खुद्द गान्सबाईजवळ २००८ च्या एप्रिलमध्ये शार्क पाहायला नेणारी एक नाव उलटली आणि तीन पर्यटक मरण पावले. ती लाटेने उलटली होती. आपल्या पत्रकांत शार्कच्या दातांची भीती मोठ्या अक्षरांत असते. लाट, थंड पाणी, ओकाऱ्या आणि घसरडी फळी यांचा मात्र उल्लेखही नसतो. माणसाने सांभाळायचे ते यांच्यापासून.

पांढरे शार्क गेले कुठे, हे थोडे सविस्तर सांगते, कारण आपल्या मार्गदर्शकांना हे ठाऊक असायला हवे. २०१५ पासून केपटाऊनजवळच्या फॉल्स बे या उपसागरात दोन नर ऑर्का, म्हणजे ‘किलर व्हेल’, वावरू लागले. दोघांच्याही पाठीवरचा उंच पर कलंडलेला, एकाचा डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या नावांवरून त्यांना पोर्ट आणि स्टारबोर्ड म्हणतात. २०१७ च्या फेब्रुवारी ते जून या काळात गान्सबाईच्या किनाऱ्यावर पाच पांढऱ्या शार्कची कलेवरे लागली. त्यांतली एक मादी ४.९ मीटर लांबीची होती. बहुतेकांच्या पोटातले यकृत नाहीसे झालेले होते, बाकीचे शरीर तसेच. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला प्रयोगशाळेतली ती मुशी आठवली. सगळ्या शरीरात सर्वांत तेलकट आणि पौष्टिक काय आहे हे ऑर्कांना अचूक कळले होते. गान्सबाईत काम केलेल्या संशोधिका अ‍ॅलिसन टाउनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की ऑर्का येऊन गेले की पांढरे शार्क ती जागा सोडतात आणि आठवडे, कधी महिने परतत नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये, म्हणजे आम्ही जाण्याच्या पाच महिने आधी, मॉसल बे येथे स्टारबोर्डने एकट्याने अडीच मीटरच्या कोवळ्या पांढऱ्या शार्कला दोन मिनिटांच्या आत मारले, आणि हे माणसांच्या डोळ्यांदेखत घडले.

सगळा दोष ऑर्कांचा मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठी १९५२ पासून जाळी लावली जातात आणि त्यांत पांढरे शार्कही मरतात. पांढरे शार्क ज्या लहान शार्कवर जगतात त्यांची लांब दोरांच्या गळांनी मासेमारी होत आली आहे आणि ते मांस ऑस्ट्रेलियात पाठवले गेले आहे. काही संशोधकांच्या मते पांढरे शार्क पूर्वेकडे सरकले आहेत; इतरांच्या मते त्यांची संख्याच घटली आहे, आणि हा वाद मिटलेला नाही. पांढरे शार्क गेल्यामुळे काय झाले, ते मात्र दिसू लागले आहे. फॉल्स बेमधील वीसहून अधिक वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पांढरे शार्क नाहीसे झाल्यावर तिथे सील आणि सेव्हनगिल जातीचे शार्क वाढले, आणि ते ज्यांना खातात ते मासे व लहान शार्क कमी झाले. आपल्या पत्रकांवर पाण्याबाहेर झेपावणाऱ्या शार्कचे जे चित्र असते, ती झेप ज्या सील बेटाजवळ छायाचित्रकारांनी टिपून जगप्रसिद्ध केली ते बेट याच फॉल्स बेमध्ये आहे. आपण आजही तेच छापता.

गेलेला शार्क चार-दोन वर्षांत पुन्हा भरून येणारा नाही. पांढऱ्या शार्कची मादी वयात यायला तीस वर्षांहून अधिक काळ लागतो असा एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. तो सत्तर वर्षे जगू शकतो आणि वर्षभराच्या गर्भानंतर मोजकीच पिल्ले होतात. गान्सबाईजवळ २००३ च्या नोव्हेंबरमध्ये खुणेचे यंत्र लावलेली ‘निकोल’ नावाची मादी हिंदी महासागर पार करून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापर्यंत गेली आणि नऊ महिन्यांच्या आत त्याच जागी परतली. वीस हजार किलोमीटरहून जास्त. इतक्या अंतरावरून नेमक्या त्याच पाण्यात परत येणाऱ्या प्राण्याबद्दल आपल्या पत्रकात एकच विशेषण असावे, ‘नरभक्षक’, याचे मला शिक्षिका म्हणून वाईट वाटते.

त्या शब्दाविषयी माझी विशेष विनंती आहे. न डिवचता शार्कने माणसाला चावल्याच्या घटना जगभर मिळून वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात आणि त्यांतील मृत्यू बहुधा दहा किंवा त्याहून कमी असतात. आपल्या शेतांत पावसाळ्यात घोणस आणि मण्यार यांच्या दंशाने किती जीव जातात हे खानापूर तालुक्यातल्या कोणत्याही घरात विचारावे. तरीही आपण घोणशीला नरभक्षक म्हणत नाही. पिंजऱ्याची कल्पना ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे ते ऑस्ट्रेलियाचे रॉडनी फॉक्स यांना ८ डिसेंबर १९६३ रोजी मासे मारण्याच्या स्पर्धेत पांढऱ्या शार्कने पकडले आणि त्यांचे शरीर शेकडो टाके घालून शिवावे लागले. पुढे प्राणिसंग्रहालयातला सिंहाचा पिंजरा पाहून त्यांना पाण्यातल्या पिंजऱ्याची कल्पना सुचली, आणि उरलेले आयुष्य त्यांनी शार्क दाखवण्यात, त्यांच्या अभ्यासात आणि रक्षणात घालवले. ज्यांना शार्कने खरोखर जबड्यात धरले होते त्यांनी हे केले.

आपण ही सहल बंद करावी असे मी मुळीच म्हणत नाही. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सकाळींपैकी ती एक होती. नीट परवाना असलेल्या नावेवर, नियम पाळून हा व्यवसाय चालला तर त्यातून संशोधकांना रोजच्या नोंदी मिळतात आणि मासेमारी घटलेल्या गावाला पोट भरता येते. माझा आग्रह एवढाच की विकताना खरे सांगावे. तिथल्या काही नावा रोजच्या फेरीत कोणते शार्क दिसले याची नोंद जाहीर करतात. सहलीचे पैसे घेण्यापूर्वी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या त्या नोंदी मराठीत उतरवून गिऱ्हाइकाच्या हाती द्याव्यात. ‘खात्रीशीर’ हा शब्द काढावा. भरपाईची अट काय आहे ते लेखी सांगावे. आमच्या बाबतीत अट ‘कोणताही शार्क न दिसल्यास’ अशी होती, आणि तेव्हाही पैसे परत मिळणार नव्हते, दुसऱ्या फेरीचे कूपन मिळणार होते. केपटाऊनला राहणाऱ्याला त्या कूपनाचा उपयोग आहे. सांबऱ्याहून दोन-तीन विमाने बदलून गेलेल्या माणसाने ते घेऊन काय करावे? ज्याला पांढराच शार्क पाहायचा आहे, त्याने ही अट वाचून, समजून, मगच ठरवावे.

मार्गदर्शकाला नावेवरची माहिती शब्दशः मराठीत सांगण्याची सक्ती करावी, आणि गटात कानडी बोलणारे असतील तर कानडीतही. आमिषासाठी खलाशांवर कोणी दबाव आणला तर त्याला थांबवण्याचा अधिकार मार्गदर्शकाला आहे, हे निघण्यापूर्वीच सर्वांसमोर सांगून टाकावे.

आणखी एक सुचवते. आपल्या भागातील बहुतेकांनी चेहऱ्यावर काच लावून पाण्यात कधी पाहिलेले नसते. पिंजऱ्यात उतरल्यावर पहिली दहा मिनिटे घाबरण्यातच जातात, आणि वाट्याला एकूण वेळ असतो वीस-पंचवीस मिनिटे. सकाळी लवकर निघालो तर आंबोली घाट उतरून दुपारच्या जेवणापर्यंत मालवणला पोहोचता येते. तारकर्लीला पाण्यात उतरण्याचे रीतसर शिक्षण मिळते. कर्नाटकातच राहायचे असेल तर मुर्डेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे. परदेशी जाण्यापूर्वी गटाला एक दिवस तिथे न्यावे. तिथले पाणी ऊबदार आहे, तरी काच, नळी आणि श्वास यांची सवय होते. शिवाय कोकणातल्या मच्छीमारांकडून आपल्याच समुद्रातल्या शार्कची माहिती मिळेल. जाळ्यात चुकून आलेला व्हेल शार्क जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन नुकसानभरपाई देते. २००१ पासून तो कायद्याने संरक्षित आहे. जगातला हा सर्वांत मोठा मासा आपल्या किनाऱ्याजवळून जातो, आणि बेळगावातल्या किती मुलांनी त्याचे नाव ऐकले असेल याची मला शंका आहे.

मासळी बाजारात मुशी घेताना आता माझा हात थोडा थांबतो. मुशीचे, म्हणजे मोरीचे, कालवण आमच्या घरी आवडीने होत आले आहे आणि ते कोणी सोडावे असे मी येथे सांगत नाही, तो या पत्राचा विषय नाही. पण वीतभर लांबीची, अजून वाढ न झालेली पिल्ले टोपलीत दिसली की गान्सबाईच्या खलाशाने सांगितलेले आठवते, की मोठा शार्क गेला तेव्हा आधी त्याचे खाणे गेले होते.

पुढच्या दिवाळीची पत्रके गणपतीपूर्वी छापखान्यात जातात हे मला माहीत आहे. मजकूर छापायला टाकण्याआधी आपल्यापैकी कोणी मला दाखवला तर मी तो कोणताही मोबदला न घेता तपासून, लागेल तिथे नव्याने लिहून देईन. माझ्या त्या विद्यार्थ्याचा गेल्या महिन्यात फोन आला होता. तो यंदाही एक गट घेऊन गान्सबाईला जाणार आहे, आणि ब्रॉन्झ व्हेलरबद्दल मराठीत दोन पाने लिहून द्याल का, असे त्याने विचारले. मी ती लिहिली आहेत. त्यात मुस्कटाखालच्या छिद्रांची आकृती काढली आहे, आणि तो शार्क वळेल तेव्हा नेमके कुठे पाहायचे ते बाण काढून दाखवले आहे. त्याच्या प्रती हव्या असतील त्यांनी जरूर मागाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
टिळकवाडी, बेळगाव